प्रोब हातात आला, म्हणजे विद्या आली का?

खांदा दुखतो म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, की घरात हमखास विचारलं जातं, ‘खांद्याची कसली सोनोग्राफी?’ हा प्रश्न फक्त रुग्णांना पडतो असं नाही. फिजिओथेरपी आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांमध्येही स्नायू, टेंडन, लिगामेंट, नर्व्ह आणि सांधे यांच्या सोनोग्राफीबद्दल, म्हणजे ‘एमएसके अल्ट्रासाउंड’बद्दल, बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. कुणाला ती फार सोपी वाटते, कुणाला ती आपल्या विषयाबाहेरची वाटते. अभ्यासाला लागण्याआधी या समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज १ : सोनोग्राफी म्हणजे पोटाची, फार तर गर्भाची.

वस्तुस्थिती : सांध्यांवर ध्वनिलहरी वापरून पाहण्याचे प्रयत्न जुने आहेत. कार्ल ड्युसिक या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १९५८ मध्ये सांध्याभोवतालच्या ऊती या लहरी किती शोषतात, हे मोजलं. मॅकडोनाल्ड आणि लिओपोल्ड यांनी १९७२ मध्ये गुडघ्यामागची बेकर सिस्ट आणि पायाच्या शिरेतली गुठळी यांतला फरक सोनोग्राफीने दाखवला. दोन्हींत पोटरी सुजते, दुखते. उपचार मात्र पूर्ण वेगळे. १९८० मध्ये राइनहार्ड ग्राफ यांनी तान्ह्या बाळांच्या खुब्याची सोनोग्राफी मांडली. त्या वयात खुब्याचा बराचसा भाग कूर्चेचा असतो, त्यामुळे तो एक्स-रेवर नीट उमटत नाही.

फरक आहे तो वारंवारतेचा. पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब लागतो, तर खांदा, मनगट, घोटा यांसाठी ७ ते १८ मेगाहर्ट्‌झचा सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब. शरीराच्या मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सरासरी सेकंदाला १,५४० मीटर धरतात. म्हणजे १० मेगाहर्ट्‌झला लहरीची लांबी साधारण ०.१५ मिलिमीटर भरते. इतक्या बारीक लहरीमुळेच टेंडनमधले तंतू वेगवेगळे दिसतात. पण वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर कमी खोल जाते. म्हणून मोठ्या माणसाच्या खुब्यासारख्या खोल सांध्याला पुन्हा कमी वारंवारतेकडे वळावं लागतं.

गैरसमज २ : फिजिओथेरपीत ‘अल्ट्रासाउंड’ देतात, तीच ही तपासणी.

वस्तुस्थिती : ध्वनी एकाच जातीचा, काम निराळं. इलेक्ट्रोथेरपीच्या तासाला शिकवतात तो उपचाराचा अल्ट्रासाउंड. तो बहुधा १ किंवा ३ मेगाहर्ट्‌झचा असतो आणि ऊतींपर्यंत ऊर्जा पोहोचवतो. तपासणीचा प्रोब अतिशय छोटे स्पंद सोडतो आणि उरलेला बहुतेक वेळ परत येणारे प्रतिध्वनी ऐकतो. उपचाराच्या मशीनला चित्र नसतं, तपासणीच्या मशीनने उपचार होत नाही. मात्र ‘१ मेगाहर्ट्‌झ खोल जातो, ३ मेगाहर्ट्‌झ वरवर राहतो’ हा तिथे शिकलेला नियम इथेही लागू पडतो, हा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याचा फायदा.

गैरसमज ३ : एमआरआय असताना सोनोग्राफी म्हणजे गरिबाची सोय.

वस्तुस्थिती : रोटेटर कफचं टेंडन आरपार फाटलेलं असेल, तर ते ओळखण्यात दोन्ही तपासण्या जवळपास सारख्याच ठरतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्याचा निष्कर्ष हाच होता. शिवाय सोनोग्राफीत सांधा हलवत असताना बघता येतं. कोपर वाकवताना अल्नर नर्व्ह हाडावरून सरकते का, दंड बाहेर फिरवताना बायसेप्सचं टेंडन खोबणीतून निसटतं का, हे स्थिर चित्रात कळणं अवघड असतं. गाउटमध्ये कूर्चेच्या पृष्ठभागावर स्फटिकांचा थर बसून दुहेरी रेषा दिसते. गाउटच्या वर्गीकरणासाठी २०१५ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत या खुणेला स्थान मिळालं आहे.

मर्यादाही तितक्याच ठाम आहेत. ध्वनिलहर हाडाच्या आत शिरत नाही. त्यामुळे अस्थिमज्जेतली सूज, सांध्याच्या आतल्या बाजूची कूर्चा, गुडघ्यातली क्रूशिएट लिगामेंट्स आणि मेनिस्कसचा खोलवरचा भाग यांसाठी एमआरआयच लागतो. कुठे थांबायचं हे कळणं हाही अभ्यासाचा भाग आहे.

गैरसमज ४ : पडद्यावर काळं दिसलं, म्हणजे टेंडन फाटलं.

वस्तुस्थिती : नवशिक्याची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. टेंडनचे तंतू एकमेकांना समांतर असतात. प्रोबची लहर त्यांच्यावर काटकोनात पडली, तर प्रतिध्वनी सरळ परत येतो आणि टेंडन चकचकीत पांढरं दिसतं. कोन थोडासाच कलला, तरी प्रतिध्वनी दुसरीकडे निघून जातो आणि तेच धडधाकट टेंडन काळपट दिसू लागतं. धूपछाव साडीचा रंग बघण्याच्या कोनानुसार बदलावा, तसं. याला ‘अ‍ॅनआयसोट्रॉपी’ म्हणतात.

खांद्यात सुप्रास्पिनेटसचं टेंडन हाडाला चिकटतं, तिथे ते वळण घेतं. काळा डाग नेमका त्याच वळणावर दिसतो आणि फाटण्याचे प्रकारही बहुधा त्याच भागात होतात. म्हणून डाग दिसला की आधी प्रोबचा कोन बदलून पाहायचा, मग प्रोब ९० अंशांत फिरवून आडव्या-उभ्या दोन्ही छेदांत तपासायचं. कोन सुधारल्यावर डाग गेला, तर तो भास होता. दोन्ही छेदांत तो टिकला, तरच पुढचा विचार.

ही अडचण हत्यार म्हणूनही वापरता येते. मनगटात मीडियन नर्व्ह आणि बोटांची टेंडन्स एकमेकांना खेटून असतात. प्रोब हलकेच कलवला की टेंडन्स काळी पडतात, नर्व्ह मात्र त्या मानाने तशीच राहते. कार्पल टनेलच्या तपासणीत नर्व्हचं क्षेत्रफळ मोजायचं असतं. त्यासाठी आधी नर्व्ह कोणती हे बिनचूक ओळखावं लागतं आणि तिथे हीच युक्ती कामी येते.

गैरसमज ५ : चित्रात दोष सापडला, म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं.

वस्तुस्थिती : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या, ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली गेली. त्यांपैकी ९६ टक्के जणांच्या खांद्यात काही ना काही बदल आढळले. वयानुसार टेंडन झिजतं, बर्सा जाड होते, सांध्याच्या कडा खडबडीत होतात, आणि माणूस मजेत असतो. म्हणून रुग्णाला विचारल्याशिवाय, सांधा हातांनी तपासल्याशिवाय केलेली सोनोग्राफी दिशाभूल करू शकते. प्रोब उचलण्याआधी ‘मी नक्की काय शोधतो आहे?’ याचं उत्तर तयार हवं.

गैरसमज ६ : शनिवार-रविवारची कार्यशाळा केली की जमतं.

वस्तुस्थिती : दोन दिवसांत मशीनची बटणं कळतात, नजर तयार होत नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने २००६ पासून अल्ट्रासाउंड सगळ्या वर्षांच्या अभ्यासक्रमात गुंफला. तिथे विद्यार्थी शरीररचना शिकतानाच प्रोब हातात धरतात. त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. पडद्यावर दिसणारा प्रत्येक थर म्हणजे अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकातलं एक पान असतं. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो आणि त्याच्या वर-खाली काय आहे, हे तोंडपाठ नसेल तर पडदा नुसता राखाडी दिसतो.

‘ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते’ असं म्हणतात, ते खरं आहे. पण त्यावर उपाय आहेत. युरोपातल्या एमएसके रेडिऑलॉजी संघटनेने खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा आणि घोटा यांसाठी ठरलेले छेद आणि ठरलेला क्रम आखून दिला आहे. उदाहरणार्थ, हात मागच्या खिशात घातल्यासारखा ठेवला की सुप्रास्पिनेटस अ‍ॅक्रोमिऑनच्या हाडाखालून पुढे येतं आणि दिसू लागतं. एक सांधा घ्यावा, त्याचा क्रम पाठ करावा, निरोगी माणसांत तो पुन:पुन्हा बघावा. निरोगी टेंडन शंभर प्रकारे कसं दिसतं हे ठाऊक असल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही.

गैरसमज ७ : आपण खांदा बघतो, गर्भलिंगाच्या कायद्याशी आपला काय संबंध?

वस्तुस्थिती : भारतात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करून आजचा पीसीपीएनडीटी कायदा झाला. हा कायदा मशीनकडे बघतो, तुमच्या हेतूकडे नाही. गर्भाचं लिंग ओळखण्याची क्षमता असलेलं मशीन नोंदणी नसलेल्या केंद्राला किंवा व्यक्तीला विकता येत नाही, आणि नोंदणी नसलेलं मशीन जप्त होऊ शकतं. फोनला जोडायचा, खिशात मावणारा प्रोब परदेशातून आणून हॉस्टेलच्या खोलीत मित्रांचे गुडघे बघणं, हा सराव नव्हे, धोका आहे.

सोनोग्राफी केंद्र चालवायला कोणती पात्रता लागते, हेही नियमांत दिलेलं आहे. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, इमेजिंगतज्ज्ञ आणि ठरावीक प्रशिक्षण घेतलेले नोंदणीकृत डॉक्टर येतात. फिजिओथेरपिस्टचा त्या यादीत समावेश नाही. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून ही तपासणी करतात. तिथे शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांनी हे कौशल्य जरूर मिळवावं. पण तिथलं प्रमाणपत्र म्हणजे इथला परवाना नव्हे, हे लक्षात ठेवावं.

गैरसमज ८ : मग भारतातल्या विद्यार्थ्याने हे शिकून उपयोग काय?

वस्तुस्थिती : उपयोग भरपूर आहे. कॉलेजच्या रुग्णालयातल्या नोंदणीकृत विभागात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बघण्याची आणि शिकण्याची संधी मागता येते. या तपासणीत एक्स-रेसारखे किरण नसतात, हीही जमेची बाजू. स्वतः स्कॅन न करताही रिपोर्ट समजून वाचणारा फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर वेगळा उठून दिसतो. ‘पार्शल टिअर’ हे शब्द वाचून घाबरलेल्या रुग्णाला नेमकं काय सांगायचं आणि एमआरआयचा खर्च कधी टाळता येईल, हे त्याला कळतं.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, सुरुवात मशीनच्या किमती बघण्यापासून करू नका. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक पुन्हा उघडा, एक सांधा निवडा आणि आपल्या रेडिऑलॉजी विभागात जाऊन सोनोग्राफीच्या वेळी उभं राहण्याची रीतसर परवानगी मागा.