आधी शॉकअप, मग स्प्रिंग

"मामा, गाडी थोडी बसवायचीय."

भाच्याने सेकंडहँड पोलो जीटी घेतली, त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. सापगावात आमच्या ओटीसमोर ती उभी होती. त्याने टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालून दाखवला. "बघा, चार बोटं आरामात जातात. दोनच गेली पाहिजेत." एका गॅरेजमध्ये त्याला परदेशी स्प्रिंगांचा सेट दाखवला होता. गाडी ३५ मिलिमीटर खाली येईल, शॉकअप आहेत तेच चालतील, एका दिवसाचं काम, असं त्याला सांगितलं होतं.

त्याची हौस मला कळते. वीस वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापून घेतल्या होत्या, प्रत्येकीचा दीड वेढा. दोन महिने गाडी फार देखणी दिसली. मग मालशेजहून परतताना टोकावड्याच्या पुढे एका खड्ड्यात चेंबर फुटला, सगळं ऑइल रस्त्यावर गेलं आणि रात्री दोराने ओढत गाडी मुरबाडला आणावी लागली. तेव्हापासून हा विषय मी समजून घेत आलो आहे. म्हणून भाच्याला नुसतं "नको" म्हटलं नाही. मोजपट्टी काढली आणि त्याला बरोबर घेऊन मोजायला बसलो.

आधी या गाड्यांविषयी थोडं. रोजच्या वापराची छोटी पाचदारी किंवा तीनदारी गाडी, पण पोटात दमदार इंजिन, अशी ही जात. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय दाखवली. पुढच्या वर्षी ती विक्रीला आली, ११० अश्वशक्तीची, आणि तिच्यामुळे ही जात जगभर रुजली. आपल्याकडे तिची गोष्ट बरीचशी पुणे जिल्ह्यात घडली. पोलो चाकणला बनत होती. तिची १.२ लिटर टर्बो इंजिनाची, १०५ अश्वशक्तीची जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. फियाटची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये रांजणगावातून बाहेर पडली, आणि २०२४ मध्ये टाटांची अल्ट्रोज रेसर आली. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे आता जुन्या गाड्या शोधून घेणाऱ्या पोरांची संख्या वाढली आहे. जुनी गाडी म्हणजे जुने शॉकअप, हे मात्र गाडी घेताना कोणी बघत नाही.

पहिलं मोजमाप गावातच केलं. आतल्या रस्त्यावरचा एक गतिरोधक मोजला. उंची १२ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ६०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या निकषात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा म्हणून. या दोन आकारांत गाडीच्या पोटासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर सुमारे अडीच मीटर. निकषातल्या पसरट उंचवट्यावर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे पोटाखालची जागा साडेचार सेंटिमीटरच कमी होते. आमच्या गावचा उंचवटा मात्र चाकांच्या मधोमध येतो आणि पूर्ण १२ सेंटिमीटर खाऊन टाकतो.

आता हिशेब लावा. पोलोच्या पोटाखाली मोकळी गाडी असताना सुमारे १६५ मिलिमीटर जागा. घरचे चौघं आणि म्हशाच्या यात्रेचं सामान मिळून तीनशे किलो झालं की गाडी साधारण ३० मिलिमीटर दबते. उरले १३५. त्यातून १२० गेले की १५. मूळ उंचीची गाडी या गतिरोधकावरून जेमतेम सुटते. ३५ मिलिमीटर खाली आणलेली गाडी सुटणारच नाही. भाच्याने वहीत आकडे स्वतः मांडले आणि बराच वेळ गप्प बसला.

पण पोट घासणं हा यातला लहान तोटा. मोठा तोटा डोळ्यांना दिसत नाही. गाडी खाली आणताना आपण जमिनीपासूनचं अंतर कमी करतोच, त्याबरोबर चाकाला वर जायला जो वाव असतो तोही कमी करतो. समजा पुढच्या चाकाला वर जायला ८० मिलिमीटर वाव आहे. ३५ खाली आणल्यावर उरले ४५. तोच खड्डा आता ४५ मध्ये पचवायचा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती दबली याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तेवढीच ऊर्जा ४५ मध्ये साठवायची तर स्प्रिंग तिपटीहून जास्त कडक हवी. हा ढोबळ हिशेब आहे, कारण शेवटचा थोडा भार बंप स्टॉपचं रबर घेतं. तरी त्यातून जे दिसायचं ते दिसतं. बाजारातल्या खाली आणणाऱ्या स्प्रिंगा साधारण वीस-तीस टक्केच कडक असतात, कारण तिप्पट कडक स्प्रिंग घातली तर माणूस गाडीत बसू शकणार नाही. मग उरलेला धक्का जातो कुठे? बंप स्टॉपवर, तिथून शॉकअपच्या वरच्या माउंटवर, तिथून बॉडीच्या पत्र्यावर आणि शेवटी तुमच्या कमरेत.

हाच हिशेब २० मिलिमीटरला करून बघा. वाव उरतो ६०, आणि लागणारा कडकपणा पावणेदोनपटीच्या आसपास येतो. म्हणून माझी मर्यादा २० आहे, आणि आमच्या रस्त्यांसाठी खरं तर १५.

कडकपणा कशावर ठरतो हे माहीत असलं की दुकानदाराशी बोलताना उपयोग होतो. स्प्रिंगच्या तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ ची केली तर स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. वेढे कमी केले तरी ती कडक होते, म्हणूनच कापलेली स्प्रिंग आपटल्यासारखी वाटते. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. जॅक लावून चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. स्प्रिंग कापून घेऊ नका, कोणी फुकट कापून देत असला तरी नाही. जाहिरातीत फक्त किती खाली येईल ते लिहिलेलं असतं. किती कडक आहे हा आकडा मागा. आकडा मिळत नसेल तर ती स्प्रिंग घेऊ नका.

आता शॉकअपकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. स्प्रिंग धक्का उसना घेते आणि परत करते. शॉकअप तो गिळतो, तेलातून पिस्टन ढकलून त्याची उष्णता करतो. शॉकअप नसलेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहील. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तेवढाच ताबा राखायला शॉकअपचा जोर साधारण १४ टक्के वाढवावा लागतो. कंपनीचे मूळ शॉकअप नवे असताना हा फरक कसाबसा सांभाळतात. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर पळालेले शॉकअप मूळ स्प्रिंगलाच पुरे पडत नाहीत. त्यांच्यावर नवी कडक स्प्रिंग चढवली की गाडी वळणात उसळते, आणि पोराला वाटतं हीच स्पोर्ट्स गाडीची मजा.

चाकाचीही स्वतःची एक थरथर असते, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. आमच्या किन्हवलीकडच्या पावसाने धुतलेल्या रस्त्यावर दर मीटरला एक उंचवटा धरा. ताशी ४० ने गेलात तर सेकंदाला ११ धक्के. चाकाच्या स्वतःच्या थरथरीशी हे नेमकं जुळतं आणि टायर रस्त्याला टेकण्याऐवजी नाचायला लागतो. तेव्हा त्याला खाली दाबून धरणारा एकच भाग असतो, शॉकअप. कसारा घाटात ओल्या वळणावर ब्रेक लागतो की नाही, हेही त्याच्यावर ठरतं.

शॉकअपचे ढोबळ दोन प्रकार. आपल्या बहुतेक गाड्यांत दोन नळ्यांचा असतो, एकात एक. तो मऊ चालतो, बाहेरून पोचा आला तरी काही काळ तग धरतो, पण सतत खराब रस्त्यावर तापला की तेलाला फेस येतो आणि जोर ओसरतो. एका नळीच्या प्रकारात तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, म्हणून फेस येत नाही आणि उष्णताही लवकर बाहेर पडते. तो महाग, पण आमच्याकडच्या रस्त्यांना तोच मानवतो. जर्मनीच्या बिल्स्टाइनच्या बी६ आणि बी८ या मालिकांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी८ आखूड केलेला, खाली आणणाऱ्या स्प्रिंगसाठी. आखूड स्प्रिंगवर पूर्ण लांबीचा शॉकअप लावला तर पिस्टन नळीत चुकीच्या जागी काम करत राहतो आणि स्प्रिंग सैल पडण्याची भीती राहते. स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे. एकाला बदलून दुसऱ्याला तसंच ठेवू नये.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. गाडी खाली आली की ती वळणात कमी झुकते असं आपण धरून चालतो. पण पोलोच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात गाडी फार खाली आणली की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आडव्या रेषेच्याही वर कलतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा वेगाने खाली जातो. दोहोंतलं अंतर वाढतं. म्हणजे उंची घटवूनही झुकण्याची ओढ वाढू शकते, आणि ती वाढ केवळ कडक स्प्रिंग झाकून ठेवते. उलट उंची घटवण्याचा थेट फायदा किती? ११०० किलोच्या गाडीत जोरदार वळणावर बाहेरच्या चाकांकडे तीनशेएक किलोचा भार सरकतो. गाडी ३० मिलिमीटर खाली आणल्याने त्यातले पंधरा-सोळा किलो वाचतात. चांगल्या टायरांनी यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या शर्यतींत मातीच्या टप्प्यांवर धावणाऱ्या गाड्या बघा. त्या वेगवान असतात, आणि खाली आणलेल्या नसतात. त्यांची चाकं वरखाली भरपूर फिरतात, शॉकअप दणकट असतात. आमचे रस्ते गुळगुळीत शर्यतपट्टीपेक्षा त्या टप्प्यांच्या जास्त जवळचे आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ ला सुरू झाला, तो आमच्या शहापूर तालुक्यातून जातो. त्यावर खाली आणलेली गाडी सुरेख चालेल. पण त्या रस्त्यावर चढेपर्यंत गावचा गतिरोधक ओलांडावाच लागतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांवर बंधन घालतं. नोंदणीचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो.

भाच्याने शेवटी काय केलं ते सांगतो. आधी चारही शॉकअप, वरचे माउंट आणि बंप स्टॉप नवे टाकले, मूळ उंचीचे. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट त्याने गाडी जमिनीवर टेकवून, चाकांवर वजन असताना आवळून घेतले. गॅरेजमध्ये हे काम गाडी टांगलेली असतानाच उरकतात. मग रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट केलं आणि चांगले टायर घेतले. स्प्रिंगांचे पैसे अजून त्याच्या खात्यात आहेत. मालशेजची एक फेरी मारून आल्यावर तो म्हणाला, "मामा, गाडी आता वळणात सरळ बसते." फटीत अजून चार बोटं जातात.

तुम्हालाही गाडी बसवायची असेल तर दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन घराबाहेर पडा. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात उंच गतिरोधक मोजा, घरच्यांना गाडीत बसवून पोटाखालची जागा मोजा, आणि त्यातून किती मिलिमीटर उरतात ते बघूनच पैसे द्या.