तेरातल्या आठ बैलगाड्या

लहानपणी नागपूरच्या फलाटावर ‘हावडा’ हा शब्द सारखा कानावर पडायचा. गाडीच्या पाटीवरचं ते शेवटचं गाव. तिथे एक अजस्र पूल आहे, हे सिनेमांनी शिकवलं. तो पूल का लागतो, हे मात्र फार उशिरा उमगलं: आपली रेल्वे हुगळीच्या अलीकडच्या काठावर संपते आणि कलकत्ता पलीकडे उरतं. तेव्हापासून मला त्या पोलादी सांगाड्यापेक्षा त्याच्या आधीच्या पुलाचं जास्त वेड आहे.

तो तरंगता होता. ब्रॅडफर्ड लेस्ली या इंजिनिअरने पाँटूनवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पेट्यांवर, 1528 फूट लांबीचा रस्ता अंथरला. बांधकाम चालू असतानाच, 20 मार्च 1874 च्या वादळात ‘इजेरिया’ नावाची आगबोट नांगर तुटून त्याच्यावर येऊन आदळली आणि तीन पाँटून बुडाले. तरी ऑक्टोबरात पूल खुला झाला. जहाजांसाठी मधला 200 फुटांचा तुकडा बाजूला काढावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही काठांवर सगळं ठप्प. पूल एकच, आणि नदीवर हक्क सांगणारे दोन: पाण्यावरचे आणि रस्त्यावरचे. 1905 साली हावड्याचं नवं मोठं स्टेशन उघडलं, तेव्हा रस्त्यावरच्यांचं पारडं जड झालं.

मी अडकलो तो या इतिहासाच्या पुढच्याच पानावर. 1906 मध्ये पोर्ट कमिशनर्सनी ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य अभियंता हायेट आणि कलकत्ता कॉर्पोरेशनचे मुख्य अभियंता मॅकेब यांना नव्या पुलाचा अहवाल तयार करायला जुंपलं. त्यासाठी 16 दिवस पुलावरची वाहनं मोजली गेली. सगळ्यात जास्त वर्दळ 27 ऑगस्टला निघाली. पंचांग लावून पाहिलं, तर तो सोमवार होता. त्या दिवशीच्या वाहनांत बैलगाड्या किती? अहवाल टक्के सांगत नाही; तो म्हणतो, तेरा भागांतले आठ.

हा अपूर्णांक मला भारी आवडतो. रस्ता 48 फूट रुंद, काठाजवळच्या गाळ्यांत तर 43 च फूट. त्यावर दर तेरा वाहनांत आठ बैलगाड्या, आणि उरलेल्या पाचांनी त्यांच्याच चालीने सरकायचं. आजचे वाहतूक सल्लागार अशी गर्दी ‘पीसीयू’त, म्हणजे मोटारीच्या मापात, बसवतात. इथे अख्ख्या रस्त्याचं माप बैलाचं पाऊल होतं. म्हणून अहवालाने नव्या पुलावर 60 फुटांचा रस्ता मागितला: जाण्यायेण्याच्या प्रत्येक बाजूला वाहनांच्या दोन रांगा आणि एक ट्राम. शिवाय एक शहाणपणाचा इशारा दिला: जुन्याच जागेवर नवा पूल बांधायचा, तर आधी तात्पुरता बांधा, नाहीतर शहराचा श्वास कोंडेल.

इतकी नेमकी मागणी हाती असूनही पुढे काय झालं? समित्या. फेरीबोटी, बोगदा, खांबांवरचा पूल, कमानीचा पूल असे सहा पर्याय तोलून पहिल्या समितीने पुन्हा तरंगताच पूल निवडला. मग पहिलं महायुद्ध आलं. 1921 मध्ये सर राजेंद्रनाथ मुखर्जींची समिती, 1926 मध्ये कायदा, 1930 मध्ये गूड समिती. वादाचं मूळ एकच: नदीत खांब रोवले तर गाळ साचून बंदर बुजेल, ही धास्ती. मला ती खोटी वाटत नाही. पण तेरातल्या आठांची बाजू मांडायला त्या बैठकांत गाडीवान कुठून असणार?

अखेर पाण्यात एकही खांब नसलेला, 1500 फुटांच्या गाळ्याचा कँटिलिव्हर पूल ठरला. त्याचं काम 1936 मध्ये जुन्या पुलाशेजारीच सुरू झालं. जुना पूल तोवर वाहतूक वाहत राहिला. म्हणजे तो इशारा कुणीतरी लक्षात ठेवला होता. 26,500 टन पोलादापैकी 23,000 टन टाटांचं. 3 फेब्रुवारी 1943 च्या रात्री, जपानी बाँबच्या भीतीने, ना फीत ना भाषण, एक एकटी ट्राम त्यावरून गेली. मोजणीला तोवर 36 वर्षं उलटून गेली होती.

आता गंमत पाहा. ज्या बैलगाड्यांनी रुंदी मागितली, त्या पुलावरून नाहीशा झाल्या. ज्या ट्रामसाठी रूळ टाकले, ती 1993 मध्ये बंद झाली. हुगळीवर 1992 मध्ये विद्यासागर सेतू आला, 2024 मध्ये तर नदीखालून मेट्रो धावू लागली. तरी हावड्याचा पूल रिकामा झालेला नाही.

त्या तेरा भागांत पायी चालणारा नव्हता. मोजणी वाहनांची होती. तरंगत्या पुलावर त्याच्या वाट्याला दोन्ही कडांना सात-सात फूट होते. नव्या पुलाच्या आराखड्यात कुणीतरी ते पंधरा-पंधरा केले, दुपटीहून जास्त. त्या माणसाचं नाव मला कुठल्याच समितीच्या मथळ्यावर सापडलं नाही. पण आजही हावडा स्टेशनातून बाहेर पडून डोक्यावर टोपली घेतलेला माणूस त्याच पंधरा फुटांवरून कलकत्त्यात शिरतो.