हंगामी नेमणुकीचा स्वार

अमेरिकेतील मोटोक्रॉसच्या जगात नोव्हेंबर आणि डिसेंबर हे महिने प्रेक्षकांना जितके निवांत तितकेच संघांच्या व्यवस्थापकांना धास्तीचे वाटतात; कारण जानेवारीच्या आरंभी कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या क्रीडागारात सुपरक्रॉसची मालिका सुरू व्हायची असते, करारनाम्यांवर सह्या होऊन बरेच दिवस लोटलेले असतात, पुरस्कर्त्यांची नावे स्वारांच्या सदऱ्यांवर छापून तयार असतात, आणि नेमक्या अशाच वेळी सरावाच्या मैदानावर एखादा नामांकित स्वार उडीच्या पलीकडे उतरताना चुकतो व मनगट, कॉलरबोन किंवा गुडघा जायबंदी करून रुग्णालयात दाखल होतो. त्याच संध्याकाळी व्यवस्थापकाच्या टेबलावर एक प्रश्न येऊन पडतो : आता त्याच्या गाडीवर बसवायचे कोणाला? दुरून पाहणाऱ्याला हा प्रश्न सोपा वाटतो. उरलेल्यांतला सर्वांत वेगवान गडी उचलावा आणि गाडी त्याच्या हवाली करावी, असे शर्यतींचे शौकीन बैठकीत बसून सांगत असतात; परंतु या निवडीचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला तर असे दिसते की, उरलेल्यांतला सर्वांत वेगवान गडी बहुधा कोणाचा तरी बांधील असतो, आणि जो मोकळा असतो तो मोकळा का राहिला याची चौकशी करणे हेच व्यवस्थापकाचे खरे काम असते.

आपल्याकडे हा खेळ अद्याप नवखाच म्हणावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मातीचे ढिगारे रचून सुपरक्रॉसच्या भारतीय लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा अनेकांनी तो प्रथमच डोळ्यांनी पाहिला. एवढे ध्यानात ठेवले की पुरे : मोटोक्रॉस उघड्या माळावर, नैसर्गिक चढउतारांवर चालतो आणि अमेरिकेच्या उन्हाळी मालिकेत त्याच्या दोन दौडी, प्रत्येकी तीस मिनिटे व वर दोन फेऱ्या, अशा एकाच दिवशी होतात, सुपरक्रॉस मात्र क्रीडागारात, आखीव उड्यांवर, विजेच्या झगझगाटात चालतो आणि तिथल्या मोठ्या, म्हणजे ४५० सीसीच्या, वर्गाच्या अंतिम शर्यतीत अवघे बावीस स्वार उतरतात. दोन्हींतले स्वार बहुतांशी तेच. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हा व्याप चालतो, आणि ४५० सीसीची, सुमारे ११० किलो वजनाची गाडी घेऊन माणसाने आठ महिने हवेत उडत राहावे व एकदाही जमिनीवर वेडेवाकडे पडू नये, अशी अपेक्षा या क्षेत्रात कोणी करीतही नाही.

निवडीच्या आड येणारी पहिली अडचण कराराची. गाडी एका कंपनीची, पेय दुसरीचे, शिरस्त्राण तिसरीचे, बूट चौथीचे, आणि यांतील काही करार संघाचे तर काही स्वाराचे व्यक्तिगत असतात. त्यामुळे एखाद्या संघाच्या छत्रावर विशिष्ट पेयाचे नाव असेल आणि उमेदवार स्वाराच्या शिरस्त्राणावर प्रतिस्पर्धी पेयाचे, तर गुणवत्तेचा विचार होण्यापूर्वीच ती शिफारस दप्तरी दाखल होते. दुसरी अडचण मुदतीची. कॉलरबोनवर पट्टी बसवून शल्यचिकित्सक स्वाराला काही आठवड्यांत पुन्हा उभा करू शकतात, पण मनगटातील लहानसे नौकाकार हाड तडकले की महिनेच्या महिने जातात, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर हंगाम गेलाच म्हणायचा. तीन आठवड्यांसाठी बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा जागा रिकामी ठेवणे अनेक संघ पसंत करतात. आठ महिन्यांसाठी मात्र जागा रिकामी ठेवता येत नाही, कारण पुरस्कर्त्याने पैसे दिलेले असतात ते दोन गाड्यांचे. म्हणजे नव्या स्वाराची निवड पुष्कळ अंशी जुन्या स्वाराच्या क्ष-किरण छायाचित्रावर अवलंबून राहते.

आणि तिसरी अडचण खुद्द गाडीची. नाटक मंडळीत मुख्य नट आजारी पडला की त्याचा भरजरी अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर चढवतात आणि पडदा वर जाण्यापूर्वी कपडेपटवाला टाचण्या तोंडात धरून शिवणी उसवत-घालत बसतो, तशी काहीशी तारांबळ इथेही उडते. जखमी स्वाराच्या वजनाला, त्याच्या उंचीला, कोपरे बाहेर काढून बसण्याच्या त्याच्या लकबीला जुळतील अशा बेताने गाडीच्या स्प्रिंगा, हँडलचा बाक, क्लचच्या दांडीचा कोन, आसनाची उंची हे सर्व महिनोन् महिने चाचण्या घेऊन ठरवलेले असते. नवा स्वार रुजू झाला की मेकॅनिक प्रथम त्याला पूर्ण पोशाखात, बूट-शिरस्त्राणासह गाडीवर उभा करतो, मग अलगद बसवतो, आणि मागच्या चाकाच्या आसापासून मडगार्डवरील खुणेपर्यंत पट्टी लावून गाडी किती दबली ते मोजतो. हा दबाव सर्वसाधारणपणे १०० ते १०५ मिलिमीटर असावा लागतो. स्प्रिंगेचा ताण कमीजास्त करूनही तो साधला नाही, तर स्प्रिंगच बदलावी लागते. स्प्रिंग बदलली की तेलाच्या प्रवाहाचे स्क्रू पुन्हा फिरवावे लागतात, पुढच्या फोर्कचा तोल पुन्हा साधावा लागतो, आणि या साखळीतील प्रत्येक कडी पारखण्यासाठी स्वाराला मैदानावर जाऊन फेऱ्या माराव्या लागतात. एवढा अवधी हाताशी नसेल तर वेगाने उणा पण अंगकाठीने जखमी स्वारासारखा असलेला माणूस अधिक उपयोगी पडतो, हे शौकिनांच्या बैठकीत सहसा कोणी बोलत नाही.

या सर्व विचारांचा एकत्रित प्रत्यय २०१७ च्या अखेरीस यामाहाच्या कारखानदारी संघात आला. त्या संघात कूपर वेब आणि डेव्ही मिलसॅप्स असे दोन स्वार होते. मिलसॅप्स हा मुरलेला माणूस. २०१३ च्या सुपरक्रॉस मालिकेत त्याने दुसरे स्थान पटकावले होते. मालिका तोंडावर आली असताना सरावात तो जबर पडला, डोक्याला व हाताला इजा झाली, आणि त्याच्या पुनरागमनाची खात्री कोणालाच देता येईना. अशा वेळी नजर गेली ती जस्टिन बार्सियाकडे. २५० सीसीच्या दुय्यम वर्गात २०११ व २०१२ साली पूर्व विभागाचे सुपरक्रॉस विजेतेपद मिळवलेला, मोठ्या वर्गात आल्याबरोबर २०१३ मध्ये होंडावर शर्यती जिंकलेला, पण पुढील काही वर्षांत दुखापती व अपयश यांच्या फेऱ्यात सापडून ऐन पंचविशीत कोणत्याही कारखानदारी संघाचा करार हाती नसलेला असा हा स्वार होता. तो मोकळा का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाजूचे नव्हते. अंगावर येणाऱ्या, धसमुसळ्या शैलीबद्दल त्याची ख्याती होतीच, आणि ‘बॅम बॅम’ हे टोपणनाव काही त्याच्या नजाकतीमुळे पडले नव्हते. उलट बाजूला एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरावयास हवी होती : जो गिब्स यांच्या संघात असताना २०१५ आणि २०१६ ही दोन वर्षे त्याने यामाहाच चालवली होती, आणि २०१८ साठी यामाहाने आपली ४५० सीसीची गाडी नव्याने बांधली असल्यामुळे त्या गाडीवर वर्षानुवर्षांचा हात बसलेला स्वार दुसऱ्या कोणाकडेही नव्हता. म्हणजे नवख्याचे नवखेपण त्या वर्षी फारसे आड येणार नव्हते.

नेमणूक हंगामी होती, पहिल्या काही फेऱ्यांपुरती. ६ जानेवारी २०१८ रोजी अनाहाइमला मार्व्हिन मस्कॅन पहिला, जेसन अँडरसन दुसरा आणि बार्सिया तिसरा आला, आणि ज्या माणसाला तूर्तातूर्त सोय म्हणून आणले होते त्याची मुदत वाढवण्याची तजवीज लगोलग सुरू झाली. त्या उन्हाळ्यात मोटोक्रॉसच्या राष्ट्रीय मालिकेत तो तिसरा आला, कायम झाला, आणि पुढे २०१९ व २०२० अशा लागोपाठ दोन वर्षी सुपरक्रॉस मालिकेची सलामीची शर्यत त्याने यामाहावरच जिंकली. त्यांतली पहिली तर पावसाने चिखल झालेल्या मैदानावर. मिलसॅप्सची कारकीर्द मात्र त्या सरावातील अपघातानंतर पुन्हा उभी राहिली नाही. या निवडीचे यश सांगताना लोक बार्सियाच्या जिद्दीचे पोवाडे गातात. जिद्द होतीच, पण तिच्या जोडीला यामाहाची जुनी ओळख आणि करारातून मोकळी असलेली जागा या दोन रुक्ष गोष्टी नसत्या तर ती जिद्द घरी बसून राहिली असती.

राष्ट्रांच्या सामन्यात हीच निवड अगदी निराळ्या कसोटीवर उतरते. ‘मोटोक्रॉस ऑफ नेशन्स’ हा सामना १९४७ मध्ये नेदरलँड्समधील वासेनार येथे सुरू झाला. त्यात हल्ली प्रत्येक राष्ट्राचे तीन स्वार असतात, तीन शर्यती होतात, प्रत्येक स्वार त्यांपैकी दोनांत धावतो, आणि मिळालेल्या सहा क्रमांकांतला सर्वांत वाईट वगळून उरलेल्या पाचांची बेरीज धरतात. एका दिवसाचा हा मामला असल्यामुळे इथे आठ महिने टिकणारा स्वार नको असतो; दोनदा पडला तरी उठून दहावा येणारा हवा असतो. १९८१ ते १९९३ अशी सलग तेरा वर्षे अमेरिकेने हा सामना जिंकला, आणि त्या मालिकेच्या आरंभी रॉजर डिकॉस्टर या बेल्जियन गृहस्थाचा हात होता, हा एक गमतीचा भाग. ५०० सीसी वर्गात पाचदा जगज्जेता झालेल्या या माणसाने निवृत्तीनंतर अमेरिकनांना युरोपियनांना हरवायला शिकवले. १९८२ मध्ये त्या वर्षीचा सुपरक्रॉस विजेता डॉनी हॅन्सन याच सामन्याच्या तयारीसाठी जर्मनीत सराव करताना पडला आणि डोक्याला झालेल्या दुखापतीने त्याची कारकीर्द तिथेच संपली. देशाचा सर्वोत्तम स्वार असा ऐन वेळी गळाल्यावरही संघ जिंकला, आणि डॅनी चँडलरने त्या वर्षी गाइलडॉर्फ व वोलेन येथे झालेल्या दोन्ही सामन्यांतल्या चारही दौडी एकट्याने मारल्या.

डिकॉस्टरच्या हिशेबाचा आणखी एक नमुना १९८७ चा. सामना प्रथमच अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील उनाडिला येथे होता, आणि १२५ सीसीच्या गाडीवर तिशी गाठलेल्या बॉब हॅनाला बसवण्यात आले. हॅनाने त्या वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते ते १९७६ मध्ये! तरुण स्वारांना डावलल्याबद्दल बराच गिल्ला झाला. पण पावसाने सारे मैदान राड करून टाकले, आणि चिखलात वेगापेक्षा शहाणपण चालते. रिक जॉन्सन व जेफ वॉर्ड यांच्यासह हॅनाने आपली कामगिरी नीट पार पाडली आणि अमेरिका जिंकली. २००९ मध्ये तर अमेरिकेची अवस्था फारच बिकट होती : रायन विलोपोटो गुडघ्याच्या दुखापतीने घरी, जेम्स स्टुअर्ट आलाच नाही, आणि त्या वर्षीचा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता चॅड रीड हा मुळात ऑस्ट्रेलियन! दुय्यम वर्गातला रायन डंजी मोठ्या गाडीवर चढवला, जोडीला जेक वायमर व इव्हान टेडेस्को घेतले, आणि ‘दुसऱ्या फळीचा संघ’ म्हणून हिणवल्या गेलेल्या या तिघांनी इटलीतील फ्रांचाकोर्ता येथे सामना जिंकला. पुढच्याच वर्षी डंजीने मोठ्या वर्गातील दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे घेतली. त्याला मोठ्या गाडीवर बसवण्याची घाई झाली असे मग कोणी म्हटले नाही.

मात्र प्रत्येक हंगामी नेमणूक कायम होतेच असे नाही. २०१७ च्या जानेवारीत पहिल्या दोन फेऱ्या जिंकून अनाहाइमला परतलेला होंडाचा केन रॉक्झन तिसऱ्या फेरीत उडीवरून फेकला गेला आणि त्याच्या डाव्या हातावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत, पुनरागमनाच्या हंगामातच, त्याचा उजवा हात दुसऱ्याच्या गाडीत सापडला, आणि दोन आठवड्यांनी त्याचा सहकारी कोल सीली टॅम्पाला पडून कंबरेच्या हाडाने जायबंदी झाला. होंडाच्या दोन्ही गाड्या अशा ओस पडल्यावर क्रिस्चन क्रेग हा दुय्यम वर्गातला स्वार मोठ्या गाडीवर आला. त्याने आगळीक केली नाही, गाड्या मोडल्या नाहीत, बहुतेक वेळा पहिल्या दहांच्या आसपास राहून संघाची अब्रू राखली. २०२० च्या उन्हाळ्यात रॉक्झनने विश्रांती घेतली तेव्हा पुन्हा त्यालाच बोलावणे गेले. दोन्ही वेळा मूळ मालक परतला आणि क्रेगने गाडी परत केली. २०२२ मध्ये, यामाहाच्या २५० सीसी गाडीवर, ज्या वयात बहुतेक स्वार दुय्यम वर्ग कधीच सोडून गेलेले असतात त्या वयात, त्याने पश्चिम विभागाचे सुपरक्रॉस विजेतेपद जिंकले. त्यानंतर मोठ्या वर्गात त्याला मिळालेली जागा मात्र कोणाच्याही बदलीची नव्हती.