स्मृती शिल्लक आहे, पण सलग नाही!

कर्जत, प्रतिनिधी – कर्जतकडे निघालेल्या लोकलमध्ये वाटेत चौघांचे एक कुटुंब चढते. डब्यात चार आसने रिकामी असतात. पण एक खिडकीशी, दुसरे दाराजवळ, उरलेली दोन दोन टोकांना. एकत्र बसायचे तर जागा नाही! संगणकाच्या स्मृतीतही नेमके हेच घडते.

कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृती द्यायची, हे कार्यप्रणालीचा गाभा अर्थात ‘कर्नल’ ठरवतो. त्यासाठी स्मृतीची साधारणतः ४ किलोबाइटची ‘पाने’ पाडलेली असतात. सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत वापरल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये मोकळी पाने १, २, ४, ८ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांत ठेवतात. गरजेनुसार गठ्ठा निम्मा करायचा आणि दोन्ही जोडीदार मोकळे झाले की पुन्हा सांधायचा, ही ‘बडी’ पद्धत. मात्र मधले एकच पान अडकून राहिले, तरी गठ्ठा सांधता येत नाही. मग ५१२ सलग पानांची, म्हणजे २ मेगाबाइटची मागणी भरपूर स्मृती शिल्लक असूनही नाकारली जाऊ शकते.

यावर मेल गोर्मन यांनी तोडगा काढला. प्रोग्रॅमची बहुतेक पाने दुसरीकडे हलवता येतात, गाभ्याची स्वतःची पाने सहसा हलत नाहीत. हे दोन प्रकार वेगवेगळ्या विभागांत ठेवण्याची व्यवस्था जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत आली. पाने सरकवून सलग जागा मोकळी करण्याची सोय २०१० मध्ये झाली.

दुसरी अडचण रांगेची. खालापूरच्या टोलनाक्यावर एकच मार्गिका खुली ठेवली, तर द्रुतगती मार्गही तुंबेल. तसेच अनेक प्रोसेसर पानांच्या एकाच साठ्यापाशी खोळंबतात. म्हणून प्रत्येक प्रोसेसरपाशी थोडी पाने आधीच देऊन ठेवतात.

तिसरा मुद्दा अंतराचा. मोठ्या सर्व्हरमध्ये प्रोसेसरला जवळची स्मृती लवकर मिळते, दूरची उशिरा. पानांचे लहान तुकडे वाटणाऱ्या ‘स्लॅब’ यंत्रणेला हा फरक ओळखता यावा, यासाठी २००५ मध्ये झालेल्या कामात पुण्यात केंद्र असलेल्या कॅलसॉफ्ट कंपनीतील शोभित दयाल व आलोक कटारिया यांचा वाटा होता. ती यंत्रणा २०२४ मध्ये ६.८ या आवृत्तीतून वगळण्यात आली; जवळची स्मृती आधी देण्याचे तत्त्व मात्र कायम आहे.

संगणक अडखळू लागला की जादा मेमरी विकत घेण्याकडे आपला कल असतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी त्याआधी ‘बडीइन्फो’ ही फाइल उघडून पाहावी. कोणत्या आकाराचे किती गठ्ठे शिल्लक आहेत, हे तिच्यात दिसते.