धुळीचा जमाखर्च

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत धूळ ओढणारे यंत्र बसवले, तर त्याचा खर्च मालकाच्या वहीत लगेच दिसतो. फायदा मात्र दिसत नाही. कारण तो टळलेल्या आजाराचा असतो.

ओतकामाच्या साच्यांना सिलिकायुक्त वाळू लागते. साचा फोडताना, ओतीव भाग घासताना तिची बारीक धूळ उडते आणि फुप्फुसात बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बहुधा १० वर्षांनंतर जाणवतो, बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढवतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो सरकारला कळवण्याचा आजार ठरवला होता. पण तोवर कामगाराने दोन-तीन कारखाने बदललेले असतात. म्हणजे बचत एकाच्या वहीत आणि खर्च दुसऱ्याच्या घरात! अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मला हा हिशेब अपुरा वाटतो.

नाकाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. जिथे उडते तिथेच ती ओढून घेणे, कोरडा झाडू बंद करणे, योग्य मास्क आणि ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे, हे खरे उपाय.

मराठीत धूळ, कन्नडमध्ये धूळु. घरातल्या कमावत्याला कोणत्याही भाषेत, पण आजच विचारा: तुमच्या खात्यात धूळ ओढायची सोय आहे का?