माहिती चौकट : धाराशिव, १९४८ आणि शासनाची जबाबदारी

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर (भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर) हैदराबाद संस्थानात उसळलेल्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. अगदी बेताने धरलेला तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. त्यांतले किमान १८ हजार उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांतले. जमावांबरोबरच काही ठिकाणी सैनिकांनीही मुस्लिम पुरुषांना गावांतून बाहेर काढून ठार केले, असे तिने नोंदवले. हा अहवाल अनेक दशके दडपून ठेवला गेला.

निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी आधी अत्याचार केले, मग जाब सैन्याला का, असा आक्षेप येतो. ते अत्याचार खरेच होते. पण रझाकाराच्या गुन्ह्याची शिक्षा निःशस्त्र गावकऱ्याला देण्याचा अधिकार गणवेश देत नाही. दुसरा आक्षेप सार्वभौम अधिकाराचा, म्हणजे सार्वभौम सत्ता वापरताना झालेल्या नुकसानीची भरपाई शासनाकडे मागता येत नाही, असा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या कस्तुरीलाल निकालाने शासनाला ते कवच दिले, पण मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास ते चालत नाही, हे त्याच न्यायालयाच्या १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालाने स्पष्ट केले. त्याआधी १९८४ मध्ये, मणिपुरात लष्कराने नेलेले दोघे परतले नाहीत म्हणून त्यांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. हे निकाल राज्यघटनेपूर्वीच्या १९४८ ला लागू करणे अवघड आहे. तरीही अधिकृत कबुली द्यायला आणि मृतांची नोंद करायला कोणताही कायदा आड येत नाही. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचा गौरव त्याने उणावणार नाही. शासनाने एवढे तरी केलेच पाहिजे.