बोलणारे दगड

आमच्या गावी एक विहीर आहे. तिच्या बांधकामात गवंड्याने एक जुना दगड बसवला. दगडावर अक्षरे कोरलेली होती. गवंड्याला वाचता येत नव्हते. त्याने अक्षरांची बाजू आत घातली आणि वरून चुना भरला. त्या दगडावर काय लिहिले होते, ते आता कोणालाच ठाऊक नाही.

दगड वाचला तर तो किती बोलतो, हे आज आम्ही सांगणार आहोत. त्यासाठी इराक देशात जाऊ या.

इराकात मोसूल नावाचे शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ११० किलोमीटरवर ओसाड माळ लागतो. त्या माळावर हत्रा नावाचे प्राचीन नगर आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी ते भरभराटीत होते. त्या काळी इराण-इराकवर पार्थियन राजांची सत्ता होती. हत्राचा राजा त्यांचा मांडलिक. हे पार्थियन आपल्याला अगदीच परके नाहीत, बरं का! त्याच वंशाच्या लोकांना आपल्याकडे पल्हव म्हणत. गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन आणि पल्हव यांचा मोड केला, असे नाशिकच्या पांडवलेण्यात कोरलेले आहे.

हत्रा नगर वाटोळे होते. भोवती दुहेरी तट. मधोमध देवाचे आवार. ते ४३७ मीटर लांब आणि ३२२ मीटर रुंद. आपल्या हिशेबाने जवळजवळ ३५ एकर! 'हत्रा' या शब्दाचा अर्थच आवार. तेथील नाण्यांवर 'शमशचे हत्रा' असे लिहिलेले आहे. शमश म्हणजे सूर्यदेव.

आवारातील देवळांची बांधणी निराळी आहे. तीन बाजूंना भिंती, पुढची बाजू सगळी उघडी, आणि वर दगडी कमानीचे उंच छत. आपली ओसरी असते ना, तशीच. पण दोन-तीन घरे एकावर एक ठेवावीत एवढी उंच.

रोमचे दोन बादशहा हे नगर घेण्यास आले. ट्राजन इ. स. ११७ च्या सुमारास आला, सेव्हेरस इ. स. १९८ च्या सुमारास आला. दोघेही हात हलवीत परत गेले. तटाच्या आत पाणी होते. बाहेर ना पाणी, ना लाकूड, ना चारा. फौज टिकणार कशी? पुढे इ. स. २४० च्या सुमारास इराणच्या नव्या सासानी राजांनी नगर घेतले. मग वस्ती उठली.

इराक सरकारने १९५१ साली तेथे खोदकाम सुरू केले. असे खोदकाम म्हणजे नांगरट नव्हे. मातीचा एकेक थर हळूहळू काढतात. वस्तू कोठे सापडली, ते लगेच लिहून ठेवतात. वस्तू जागेवरून हलली, की तिची अर्धी साक्ष गेली!

खोदताना मूर्ती मिळाल्या आणि शेकडो लेख मिळाले. लिपी अरमाईक. काही लेखांत साल दिलेले आहे. ती गणना इसवी सनाच्या ३११ वर्षे आधी सुरू होते. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो. तिकडे ३११ वजा करायचे. म्हणजे त्यांचे ४६३ साल हे आपले इ. स. १५१-५२.

त्याच सालचा एक लेख वेशीवर मिळाला. गावच्या लहानथोरांनी मिळून ठराव केला, की आत जो चोरी करील त्याला मरणाची शिक्षा. चोर बाहेरचा असला, तर दगडांनी ठेचून मारावा. ठराव सगळ्यांना दिसावा म्हणून वेशीवर लावला. ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखाच!

पण आम्हाला सर्वांत आवडले ते साधे लेख. त्यांत माणसांची नावे आहेत. काही नावे देऊळ बांधणाऱ्या पाथरवटांचीही आहेत. 'देवापुढे अमक्याची चांगली आठवण राहो', एवढेच मागणे. राजे गेले, तट पडले; पाथरवटाचे नाव मात्र राहिले.

२०१५ साली 'इस्लामिक स्टेट' या सशस्त्र टोळीने हत्रातील मूर्तींवर घण घातले, गोळ्या झाडल्या. मोसूलच्या संग्रहालयातील मूर्तीही फोडल्या. एप्रिल २०१७ मध्ये इराक सरकारच्या बाजूच्या फौजांनी हत्रा सोडवले. पुढे इराकी आणि इटालियन जाणकारांनी काही फुटक्या मूर्ती जुळवल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या लोकांना दाखवल्या. हे कशामुळे जमले? आधीची चित्रे आणि टिपणे होती म्हणून. लेखांचा मजकूरही पूर्वीच उतरून ठेवला होता. दगड फुटला, तरी त्याचे बोलणे शिल्लक राहिले.

आपल्या शिवारातही जुने दगड असतात. एखाद्यावर अक्षरे दिसली, तर तो पायात घालू नका. त्यावर तेल-शेंदूर थापू नका. तो जागचा हलवू नका. तलाठ्याला किंवा शाळेच्या गुरुजींना कळवा. लिपी जुनी असेल, तर तिचे जाणकार आहेत, ते वाचतील.

आमच्या विहिरीतला दगड मुकाच राहिला. तुमच्या गावचा तसा राहू नये.